‘तुला तर सगळं दिसतं!’

(सांडोर इथे ८ मार्चच्या निमित्ताने भरलेल्या बायकांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मला भाषणाची सवय नाही. एका पतपेढीत बावीस वर्षं खतावण्या लिहिण्यात गेली. बैठकीचं ठरलं तेव्हा ताई म्हणाल्या, “तुझ्या डोळ्यांचं सांग.” मी म्हटलं, “तो आजाराचा भाग झाला, त्यात बायकांचा प्रश्न कुठे आला?” त्या म्हणाल्या, “सांगायला तर लाग.” म्हणून पहिल्यापासून सांगते.

२०१८ सालचा जुलै महिना होता. संध्याकाळी आम्ही पापडीहून सांडोरला स्कूटरवरून येत होतो. नवरा पुढे, मी मागे. अंगावर साडी, दोन्ही पाय एका बाजूला, मांडीवर भाजीची पिशवी. पाण्याने भरलेला खड्डा होता, तो त्याला दिसला नाही. स्कूटर आपटून सावरली, पण मी मागच्या मागे पडले आणि कानशिलाची बाजू रस्त्यावर आदळली. नवऱ्याला काही झालं नाही. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं.

आमच्या घरात स्कूटर आली तेव्हापासून हेल्मेट एकच होतं. दुसरं घ्यावं असं त्याला कधी सुचलं नाही, आणि खरं सांगते, मलाही सुचलं नाही. अंबाडा मोडतो, पदर सावरायचा की ते ओझं सांभाळायचं, आणि मागे बसणाऱ्याला कुठे काय लागतं, असंच मी म्हणत आले. कायदा मात्र तसं म्हणत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही हेल्मेट घालायला सांगतं. केंद्र सरकारच्या रस्ते अपघातांच्या अहवालात २०२२ सालचा आकडा आहे: हेल्मेट नसलेली ५०,०२९ माणसं त्या एका वर्षात गेली, त्यातली १४,३३७ मागे बसलेली होती. आपल्याकडे मागच्या सीटवर कोण बसतं, ते तुम्हाला सांगायला नको.

मी मिनिटभर शुद्धीवर नव्हते म्हणतात. मला ते आठवत नाही. दवाखान्यात नेलं, डोक्याचा सीटी स्कॅन झाला. रक्तस्राव नाही, हाड मोडलेलं नाही. दोन दिवसांनी घरी सोडलं, आराम करा म्हणाले. सगळ्यांनी देवाचे आभार मानले, मीही मानले.

डॉक्टर याला कन्कशन म्हणतात, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. मेंदू कवटीच्या आत पाण्यात असतो आणि मऊ असतो. डोकं जोरात आदळलं की तो आतल्या आत हिंदकळतो, पिळवटतो, आणि त्यातले बारीक तंतू ताणले जातात. रक्त साकळलं असेल तर ते स्कॅनमध्ये दिसतं. हे ताणले गेलेले तंतू सहसा दिसत नाहीत. म्हणून स्कॅन चांगला आला याचा अर्थ जिवाचा धोका दिसत नाही एवढाच घ्यायचा. बाईला काही झालेलं नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. पुष्कळ जण दोन-चार आठवड्यांत आपोआप बरे होतात. काही जण होत नाहीत. मी त्यांच्यातली निघाले.

तिसऱ्या आठवड्यात कामावर गेले. खतावणी उघडली आणि ओळी हलायला लागल्या. एका ओळीवर बोट ठेवून आकडा वाचायचा आणि पलीकडच्या रकान्यात जाईपर्यंत नजर खालच्या ओळीवर उतरलेली असायची. दहा मिनिटांत भुवयांच्या वर ठणका लागायचा. ट्यूबलाइट डोळ्यांत घुसायची. बाजारात गेलं की इकडून माणसं, तिकडून रिक्षा, रंगीत ढीग, आणि मला मळमळायला व्हायचं. जिना उतरताना पायरी कुठे संपते ते कळायचं नाही. पहाटे दारच्या मोगऱ्याच्या कळ्या तोडायला जायची, तर हात कळीच्या शेजारी जायचा. लहानपणापासून अंधारातसुद्धा तोडत आले, आणि आता उजाडल्यावर चुकत होते.

डोळे तपासायला गेले. भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. एक डोळा झाकून वाचली, दुसरा झाकून वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत. डॉक्टर म्हणाले, “दोन्ही डोळे ६/६. तुम्हाला तर सगळं दिसतंय. टेन्शन घेऊ नका.” आणि झोपेची गोळी दिली. दुसरीकडे गेले, तिथेही तेच. डॉक्टर वाईट होते असं मी म्हणत नाही. त्यांनी जे तपासलं ते खरंच ठीक होतं. माझं जे बिघडलं होतं ते त्या तपासणीत येत नव्हतं.

पण ते दोन शब्द, ‘सगळं दिसतंय’, माझ्या आधी घरी पोचले. सासूबाई म्हणाल्या, “टीव्ही बघताना बरं दिसतं, तांदूळ निवडताना दिसत नाही.” जाऊबाई हसल्या. नवरा ओरडला नाही, पण तोही म्हणाला, “डॉक्टर म्हणतात काही नाही, तर तू मनावर घेऊ नकोस.” शेजारच्या एकीने मीठ-मिरची ओवाळून नजर काढली. नजर तर बिघडलेली होतीच, पण तिला वाटली तशी नव्हे. पतपेढीत एका खातेदाराची रक्कम मी शेजारच्या खात्यात चढवली. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला लेखी खुलासा द्यावा लागला. ‘हल्ली यांचं कामात लक्ष नसतं,’ असं माझ्यासमोर बोललं गेलं.

सगळ्यांत वाईट काय झालं, तर मलाही ते पटायला लागलं. मी कामचुकार झाले का? माझं वय झालं का? रात्री पडल्या पडल्या विचार करायची, की आपण खरंच नाटक करतोय आणि आपल्यालाच ते कळत नाहीये. बाईच्या दुखण्याला घरात, दवाखान्यात जागा नसली की ती शेवटी स्वतःच ते नाकारते. कंबरदुखी, पाळीतला त्रास, बाळंतपणानंतरची उदासी, या सगळ्यांत आपण हे पाहिलं आहे. डोळ्यांच्या बाबतीत पाहिलं नव्हतं, एवढंच.

अपघाताला पाच महिने झाले होते. नाताळच्या सुट्टीत माझी भाची घरी आली. ती मुंबईत ऑप्टोमेट्री शिकत होती. मी सुईत दोरा ओवत होते आणि चार वेळा चुकले, ते तिने पाहिलं. तिने पेन हातात घेतलं आणि म्हणाली, “मावशी, याच्या टोकाकडे बघत राहा. दोन दिसलं की सांग.” आणि ते हळूहळू माझ्या नाकाकडे आणायला लागली.

तुम्हीही आत्ता हे करून बघा. प्रत्येकीने पेन किंवा बोट हातभर लांब धरा. टोकाकडे दोन्ही डोळ्यांनी बघा, आणि सावकाश नाकाच्या शेंड्याकडे आणा. चश्मा असेल तर लावूनच. बहुतेकींना ते नाकापासून तीन-चार बोटांवर येईपर्यंत एकच दिसेल, मग दोन होईल. मला ते जवळजवळ वीतभर अंतरावरच दोन दिसलं. भाची म्हणाली, “मावशी, तुझा उजवा डोळा बाहेर सरकला.” घरातल्या सगळ्यांनी ते पाहिलं. सासूबाईंनी दोनदा पाहिलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा माझी तक्रार दुसऱ्या कुणाला दिसली.

तिने मला जे समजावलं ते तुम्हाला सांगते. एकेका डोळ्याला सहा स्नायू असतात, दोन्ही मिळून बारा. जवळचं वाचायचं तर दोन्ही डोळे सारखे आत वळले पाहिजेत आणि आतलं भिंग त्याच वेळी फुगलं पाहिजे. ओळ संपली की दोघांनी एकाच क्षणी पुढच्या ओळीवर उडी मारली पाहिजे. मान हलली तर कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाने डोळ्यांना खबर दिली पाहिजे, म्हणजे चित्र स्थिर राहतं. हे सगळं चालवतो मेंदू. हादऱ्यानंतर डोळे धड असतात, पण चालवणारा दमलेला असतो. भिंतीवरचा तक्ता एकेका डोळ्याने, लांबून, स्थिर बसून वाचतात. त्यात यातलं काही तपासलं जात नाही. माझ्या दुखण्याचं नाव होतं कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी, म्हणजे जवळ बघताना डोळे आत वळवण्याची ताकद कमी पडणं. हे दुर्मीळ नाही. फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयातला २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. डोक्याला हादरा बसलेल्या शंभर किशोरवयीन मुलामुलींची नीट तपासणी केली, तेव्हा ६९ जणांत दृष्टीचा काही ना काही दोष सापडला, आणि जवळजवळ निम्म्यांत तो माझाच दोष होता.

मग उपचार सुरू झाले. त्याला व्हिजन थेरपी म्हणतात. आठवड्यातून एकदा लोकलने मुंबईला जायचं आणि बाकीचे पाच दिवस घरी वीस-वीस मिनिटं सराव. साधनं अगदी साधी असतात. एक लांब दोरी, तिच्यात तीन रंगांचे तीन मणी. दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचं, दुसरं नाकाशी धरायचं. मधल्या मण्याकडे बघितलं की दोन दोऱ्या दिसतात आणि त्या मण्यापाशी एकमेकींना छेदून जातात, फुलीसारख्या. फुली मण्याच्या अलीकडे पडली किंवा पलीकडे पडली, तर डोळे चुकतायत. एक दोरी दिसेनाशी झाली, तर मेंदूने एक डोळा सोडूनच दिला आहे. या दोरीला ब्रॉक स्ट्रिंग म्हणतात. माझी धाकटी तिला आईची जपमाळ म्हणायची. शिवाय भिंगांची पालटणारी चौकट, अक्षरांचे तक्ते, मान हलवत एका अक्षरावर नजर रोखणं. पहिले दोन आठवडे डोकं आणखी दुखलं. व्यायाम कमी केले, मग हळूहळू वाढवले.

इथे मला बायकांचा प्रश्न पहिल्यांदा नीट समजला. वीस मिनिटं! ऐकायला किती थोडी वाटतात. पण सलग वीस मिनिटं, कुणी हाक मारायची नाही, कुकरची शिटी मोजायची नाही, दार उघडायला उठायचं नाही, अशी वीस मिनिटं घरातल्या बाईकडे असतात का? मी दोरी धरून उभी राहिले की नेमका कुणाला तरी चहा हवा असायचा. थेरपिस्ट बाईंनी वहीत बघून विचारलं, “तीनच दिवस का झालं?” मी गप्प बसले. दुसऱ्या खेपेला त्यांनी नवऱ्याला बरोबर बोलावलं आणि त्याच्या हातात ती वही दिली. म्हणाल्या, “आता हिशेब तुम्ही ठेवायचा.” त्यानंतर संध्याकाळी सात ते सात-वीस आमच्या घरात चहा झाला नाही.

चार महिन्यांनी पेन पाच बोटांपर्यंत एकच दिसायला लागलं. वाचता यायला लागलं. मी पूर्ण बरी झाले असं सांगणार नाही. ट्यूबलाइट अजून टोचते, खतावणीवर मी अजून पट्टी ठेवते, गर्दीच्या बाजारात फार वेळ थांबत नाही. पण नोकरी टिकली.

याबाबतीत एक सावधगिरीही सांगते. डोळ्यांच्या व्यायामाने चश्मा जातो, मोतीबिंदू जातो, असं सांगून पैसे घेणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या नादी लागू नका. माझ्या दोषावर २००८ साली अमेरिकेत २२१ शाळकरी मुलांवर चाचणी झाली होती. जाणकाराच्या देखरेखीखाली, अधिक घरी, असे बारा आठवडे व्यायाम केलेल्यांत ७३ टक्के मुलं पुष्कळ सुधारली. घरी नुसती पेन्सिल नाकाशी आणणाऱ्यांत ४३ टक्के, आणि मुद्दाम दिलेल्या खोट्या व्यायामांनीसुद्धा ३५ टक्के. म्हणजे आपलं आपण पेन्सिल घेऊन बसून फारसं साधत नाही. आणि ती मुलं डोक्याला मार लागलेली नव्हती. मार लागलेल्यांवरचं काम त्यामानाने नवं आहे. म्हणून आधी डॉक्टर, मग नीट तपासणी, मग व्यायाम. ‘दोन्ही डोळ्यांचा एकत्र वापर तपासा,’ असं शब्दांत सांगून मागा. चेन्नईच्या शंकर नेत्रालयात अशा दोषांसाठी न्यूरो-ऑप्टोमेट्रीचं वेगळं क्लिनिक आहे, आणि ऑप्टोमेट्री शिकलेल्या मुली आता आपल्या आसपासही आहेत.

आता ज्या गोष्टीसाठी ताईंनी मला उभं केलं, तिच्याकडे येते.

थेरपीला जायची तिथे बाकावर एक बाई भेटायची. माझ्याएवढीच. कुठली ते सांगत नाही. पहिल्या दिवशी मी विचारलं, “तुम्हाला कसं लागलं?” म्हणाली, “जिन्यावरून पडले.” दुसऱ्यांदा म्हणाली, “मोरीत पाय घसरला.” मी काही बोलले नाही. पाचव्या-सहाव्या खेपेला परतीच्या गाडीत, बायकांच्या डब्यात, तिने आपणहून सांगितलं. नवरा केस धरून डोकं भिंतीवर आपटायचा. एकदा नाही, कित्येक वर्षं. तिला वाचता येईनासं झालं, विसरायला व्हायला लागलं, आणि तो चार माणसांत सांगायचा, “हिचं डोकं ठिकाणावर नाही.” ज्याने डोकं आपटलं तोच तिला वेडी ठरवत होता. आणि तिला ते खरं वाटत होतं, जसं मला माझं कामचुकारपण खरं वाटलं होतं.

माझा मार रस्त्यावर लागला, म्हणून मला तो सांगता आला. कुठे, कधी, कसा, सगळं. त्यामुळे माझं निदान पाच महिन्यांनी का होईना झालं. जिला मार कसा लागला हेच सांगता येत नाही, तिचं निदान कसं व्हायचं?

ईव्ह व्हॅलेरा नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. जोडीदाराची मारहाण सोसलेल्या ९९ बायकांशी त्या बोलल्या. जवळजवळ तीन चतुर्थांश बायकांच्या मेंदूला त्या मारहाणीत एकदा तरी इजा झाली होती, आणि निम्म्यांना एकापेक्षा जास्त वेळा. आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी सुमारे २९ टक्के बायकांनी नवऱ्याची शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. या दोन आकड्यांचा गुणाकार मी करणार नाही, तो शास्त्राला धरून होणार नाही. पण डोळे दुखतात, ओळी हलतात, चक्कर येते, असं म्हणणाऱ्या बाईला ‘डोक्याला कधी मार लागला होता का?’ हा एक प्रश्न आपल्याकडे किती ठिकाणी विचारला जातो? आणि गळा दाबला असेल तर तेही विचारायला हवं, कारण मेंदूचा प्राणवायू तुटला तरी इजा होते.

असं विचारणं जमतं, हे आपल्या शेजारच्या मुंबईनेच दाखवलं आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्था यांनी २००१ साली ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई आणि डॉक्टर जखमेमागची हिंसा ओळखायला शिकले. २००५ चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, आणि त्यानुसार दवाखान्याला अशा बाईवर उपचार नाकारता येत नाहीत.

म्हणून तुम्हाला काही गोष्टी करायला सांगते.

घरात किंवा शेजारी कुणाच्या डोक्याला मार लागला आणि पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, झटके, हातपाय लुळे पडणं, एक बाहुली मोठी दिसणं किंवा एकाएकी दोन दोन दिसणं, यांतलं काही झालं, तर थांबू नका, ताबडतोब दवाखाना गाठा. हे नसेल तर एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू काम. तीन-चार आठवड्यांनंतरही वाचता येत नसेल, उजेड टोचत असेल, गर्दीत मळमळत असेल, तर ‘६/६ आहे’ या उत्तरावर परत येऊ नका.

दवाखान्यात केसपेपरवर लिहून घ्या: मार कशाने लागला, डोक्याला कुठे लागला, शुद्ध गेली होती का, दिसण्यात काय बदल झाला. पुढे कोर्टात जायचं असो वा नसो, तो कागद बाईचा असतो. त्याची झेरॉक्स माहेरी किंवा मैत्रिणीकडे ठेवा. बायकांसाठीची मदतवाहिनी १८१, तातडीला ११२.

आणि घरात हेल्मेटं मोजा. माणसं दोन बसत असतील तर हेल्मेटं दोन. आमच्या दाराच्या मागे आता दोन खिळे आहेत. माझा अंबाडा खाली बांधते, बसतं बरोबर.

मघाशी ज्यांना पेन लांबूनच दोन दिसलं, त्यांनी चहाला थांबा. आज भाची आली आहे, ती नीट बघून सांगेल. आणि पेनाचं निमित्त करून कुणाला दुसरंच काही सांगायचं असेल, तर तिनेही थांबावं. मागची खोली मोकळी ठेवली आहे.